'पॉपेट'ला मराठीत काय म्हणाल?

खडीसाखर: इंग्रजी बालकथेचं भाषांतर करतेय. त्यातली आजी पाच वर्षांच्या नातवाला सारखी 'पॉपेट' म्हणते. मी 'छकुल्या' लिहिलं. संपादकबाईंनी ते खोडून 'बाहुल्या' केलं, का तर कोशात मूळ अर्थ बाहुली आहे. पोराला कोण 'बाहुल्या' म्हणतं?

जुना मिस्त्री: आमच्याकडे पॉपेट म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व. चाळीस वर्षं बदलतोय, लाडाने हाक कधी मारली नाही.

अडगळ: हसताय, पण शब्द तोच. लॅटिनमध्ये 'पुपा' म्हणजे मुलगी, तशीच बाहुलीही. पॉपेट, पपेट, किड्यांचा 'प्यूपा' सगळे त्याच घरातले. डोळ्याचा 'प्यूपिल'सुद्धा! समोरच्याच्या डोळ्यात आपलीच इवलीशी छबी दिसते ना, म्हणून. आणि आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली. संस्कृत 'कनीनिका' म्हणजेही मुलगी आणि डोळ्यातली बाहुली. ग्रीकांचा 'कोरे' शब्दही तसाच. मला तर हे वाचून काटा आला होता.

गीर्वाण: लॅटिन कशाला हवं? पुत्तलिका, पुतळी, पॉपेट. इकडूनच गेलेलं आहे.

सातपाटी: 'प'ला 'प' जुळला की गेलं इकडून! मग पोपटही घ्या. सासूबाई इंग्लंडात लेस्टरला आमच्याकडे आल्या होत्या. दुकानातली बाई नातीला 'हॅलो पॉपेट' म्हणाली. बाहेर आल्यावर सासूबाई म्हणतात, "पोरगी बडबडते खरी, पण परक्या बाईने पोपट म्हणायचं काय कारण?"

अडगळ: 'बाहुल्या' नकोच. अमेरिकेतल्या सेलमच्या 1692च्या चेटूक-खटल्यांत ब्रिजेट बिशपवर करणीचा आरोप होता. तिच्या जुन्या घराच्या भिंतीत टाचण्या टोचलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या सापडल्याची साक्ष झाली. त्याही पॉपेटच.

सातपाटी: लिंबू-मिरचीशेजारची काळी बाहुली आठवली. 'बच्चू' लिहून टाका.

गीर्वाण: बच्चा फारसी. 'वत्सा' का नको?

सातपाटी: आजी आहे हो ती, वसिष्ठ ऋषी नाही!

जुना मिस्त्री: आमची आई मला 'बाब्या' म्हणायची. धाकटीला 'ठकी', त्या लाकडी बाहुलीवरून. आमची ठकी सावंतवाडीची होती, पांगाऱ्याची.

गीर्वाण: पांगाऱ्याची? आमची चांगली जड होती.

जुना मिस्त्री: मग सागाची असेल. पांगारा हलका, बुचासारखा.

खडीसाखर: अहो, उद्या प्रत द्यायचीय मला.

गीर्वाण: सागाची ठकी कोण करेल? परवडेल तरी का?