मदत हवी आहे : 'वार' नेमके किती?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यासाठी 'वार' या शब्दावर छोटं टिपण लिहितेय, पण अर्थांचा गुंता सुटेना.

आठवड्याचा वार सोपा. संस्कृतात 'वार' म्हणजे पाळी, ठरलेली वेळ, त्यातूनच 'वारंवार'. आपल्या नाशिकचा रविवार कारंजा, गंगेवरचा (म्हणजे गोदावरीकाठचा) बुधवारचा बाजार याच घरातले. गरीब विद्यार्थी 'वार लावून' जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्र्यंबकला पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जातात, ती 'वारी'सुद्धा याच पाळीतून आली का?

'तपशीलवार', 'उमेदवार' यांतला प्रत्यय फारसीतला, त्यामुळे तो बाजूला ठेवलाय.

खरी अडचण कापडाच्या वाराची. मेन रोडवर जुने दुकानदार अजूनही "किती वार फाडू?" विचारतात. एक वार म्हणजे तीन फूट, ३६ इंच. येवल्याची पैठणी नऊवारी, तीही याच मापाने. हे माप पोर्तुगीज 'व्हारा'वरून आलं असं कुणी म्हणतं, पण व्हारा वारापेक्षा लांब, म्हणून मला ते पचत नाही.

शिवाय तलवारीचा वार आहेच. आणि गाय व्यायल्यावर पडते ती वार! ती मात्र स्त्रीलिंगी, बाकी सगळे पुल्लिंगी. म्हणजे मूळही वेगळंच असणार ना?

कुणाकडे जुना व्युत्पत्तिकोश असेल तर 'वार'च्या पानाचा फोटो टाकाल का? निफाड-सिन्नरकडे गाईच्या वारेला दुसरा शब्द असेल तर तोही सांगा.