व्हेरिअन्स: प्रचरण, प्रसरण की सरळ तफावत?

तापीकाठ: भाचीचा कृषी महाविद्यालयाचा प्रकल्प मराठीत करून देतोय. रावेरच्या बागेतले केळीचे पाच घड, वजनं १७, १९, २२, २४, २८ किलो. सरासरी २२. सरासरीपासूनचे फरक −५, −३, ०, २, ६. त्यांच्या वर्गांची बेरीज ७४, भागिले ५, आले १४.८. याला, म्हणजे इंग्रजीतल्या व्हेरिअन्सला, मी 'प्रचरण' लिहिलं. बुऱ्हाणपूरचे पाहुणे म्हणतात, 'प्रसरण' लिहा, आमच्या पुस्तकात तेच आहे. काय ठेवू?

भुसावळकर: त्यांचं पुस्तक हिंदी. आपल्याकडे प्रसरण म्हणजे मे महिन्यात रुळांचं होतं ते. प्रचरणच ठेवा भो.

सुमनताई: प्रचरण बरोबर असेल, पण एखाद्या केळीवाल्याला वाचून दाखवा आणि त्याचं तोंड बघा! 'तफावत' का नको?

शब्दवेल्हाळ: तफावत अरबी. प्र + चर्, म्हणजे हिंडणं-फिरणं. आकडे मध्यापासून किती हिंडले, ते प्रचरण. इतका नेमका शब्द असताना उसनवारी कशाला?

धुळेकर मास्तर: चर् म्हणजे चरणंही. मग काय, गुरं दावणीपासून किती लांब चरायला गेली ते मोजायचं? आणि अरबी नको तर हिशेब, रक्कम, वजन सगळंच काढा. 'सरासरी' फारसी, तीही गेली. उरलं काय तोलायला?

शब्दवेल्हाळ: रुळलेल्या शब्दांना माझी ना नाही. नवे घडवताना तरी काळजी घ्या.

सुमनताई: इंग्रजांनी कुठे नवा घडवला? बोलण्यातला जुनाच व्हेरिअन्स १९१८ साली रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने या कामाला जुंपला.

भुसावळकर: ताई, तफावत दोघांतली असते. पाच घडांची मिळून एक तफावत कशी?

तापीकाठ: भाची म्हणते, एक्सेलमध्ये १८.५ येतंय. आता शब्द राहू द्या, आकडाच चुकला का?

धुळेकर मास्तर: चुकला नाही. एक्सेलने ७४ ला ४ ने भागलं. अख्ख्या बागेत पाचच घड असतील तर ५ ने भागा. बागेतून नमुना म्हणून पाच काढले असतील तर ४ ने, कारण सरासरी त्याच पाचांतून काढलेली, त्यामुळे फरक जरा कमीच भरतात. आणि १८.५ किलो लिहू नका हं, ते किलोचे वर्ग आहेत. वर्गमूळ काढा, ४.३ किलो. ते प्रमाण विचलन. केळीवाल्याला सांगायचं तर हेच सांगा.

शब्दवेल्हाळ: 'विचलन' चालतं, 'प्रचरण' नाही! धन्य.

मालवणी माणूस: मध्येच विचारतो, घड म्हणजे आमचं लोंगर ना?

भुसावळकर: घडच. त्यात फण्या असतात, आठ-नऊ तरी. लोंगर आम्ही कधी ऐकलं नाही.

सुमनताई: माझ्या सासरी लोंगरच म्हणतात, मराठवाड्यात.

शब्दवेल्हाळ: लोंगर 'लोंबणे'वरून आला असणार.

धुळेकर मास्तर: झालं सुरू!