ॲनिमेटेड गाण्यांची संध्याकाळ: क्रम कसा लावावा, आणि चित्र तेलकट का दिसतं?

घोडबंदरकर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये डिसेंबरात एका शनिवारी दीड तास फक्त ॲनिमेटेड म्युझिक व्हिडिओ दाखवायचे आहेत. प्रेक्षक आठ वर्षांपासून सत्तरीपर्यंतचे. रॉक, हिप-हॉप, इलेक्ट्रॉनिक, जुनी दूरदर्शनवरची गाणी, सगळं चालेल. सामान: फुल एचडी प्रोजेक्टर, १०० इंची पडदा, लॅपटॉप, ब्लूटूथ स्पीकर. चाचणीत दोन गोष्टी खटकल्या. हाताने काढलेली चित्रं तेलावरून घसरल्यासारखी हलतात, आणि ठेका चित्राच्या मागून येतो. उपाय काय? आणि गाणी कोणत्या क्रमाने लावावीत?

रेघोट्या

आधी प्रोजेक्टरच्या पिक्चर मेन्यूत फ्रेम इंटरपोलेशन किंवा मोशन स्मूदिंग शोधून पूर्ण बंद करा. 'लो'वरही नको. टीव्हीवर हेच एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो या नावाने असतं. हाताने काढलेलं ॲनिमेशन बरेचदा 'टूज'वर असतं: सेकंदाला फ्रेम २४, पण चित्रं १२, एकेक चित्र दोन फ्रेम टिकतं. प्रोजेक्टर त्यांच्या मधली चित्रं स्वतः बनवून घुसडतो. चित्रकाराने झटक्यात वर नेलेला हात मग तरंगत वर जातो आणि हालचाल वेगवान असेल तिथे बाह्यरेषा फाटते. स्टॉप-मोशनचा (वस्तू थोडी थोडी हलवून एकेक फोटो काढलेल्या ॲनिमेशनचा) तर सगळा जीवच त्या अडखळण्यात असतो, तोच निघून जातो.

नंतर रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा (हर्ट्झ) ताजं होतं ते. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा, रिझोल्यूशनशेजारी २४, २५ किंवा ३० असा आकडा दिसेल. २४ फ्रेमचा व्हिडिओ ६० हर्ट्झवर चालवला की एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा उमटते, आणि कॅमेरा संथ सरकताना चित्र हिसके खातं. प्रोजेक्टर २४ हर्ट्झ घेत असेल तर लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तेच ठेवा. २५ वाल्यांसाठी ५०. दर गाण्याला बदलत बसू नका, यादीत ज्यांची संख्या जास्त त्यांच्यासाठी लावा. 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'मध्येच ड्रॉप्ड फ्रेम्सचा (दाखवायच्या राहून गेलेल्या फ्रेमचा) आकडा वाढत असेल तर लॅपटॉप कमी पडतोय: चार्जर लावा, बॅटरी सेव्हर काढा, बाकीचे टॅब बंद करा.

यूट्यूबच्या क्वालिटी मेन्यूत १४४०पी किंवा ४के असेल तर पडदा फुल एचडी असला तरी ते निवडा. बिटरेट (दर सेकंदाला मिळणारा डेटा) जास्त मिळतो आणि सपाट रंगांच्या आकाशात पट्टे कमी पडतात. कुणीतरी एआयने मोठ्या केलेल्या प्रती मात्र टाळा, त्यात पेन्सिलीची खरखर पुसली जाते.

समेवर

ठेक्याचं दुखणं ब्लूटूथचं आहे. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची नेहमीची पद्धत) १५० ते २५० मिलिसेकंद उशीर सहज होतो. १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोक्यांच्या) गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम. त्यात २०० मिलिसेकंद म्हणजे जवळपास ५ फ्रेम! पात्राने पाय आपटून झाल्यावर ढोल वाजतो. संवादाच्या दृश्यात एवढं एकवेळ खपेल, पण इथे चित्रं ठोके मोजून बसवलेली असतात.

लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ३.५ मिमीची ऑक्स केबल थेट स्पीकरला जोडा. त्यानंतर उलट आवाजच पुढे पळतोय असं वाटलं तर प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतोय. गेम मोड लावा, त्यात ही प्रक्रिया कमी होते. शेवटच्या रांगेची चिंता नको, १० मीटरवर आवाज पोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात, एका फ्रेमपेक्षा कमी.

चित्रगुंता

क्रम संगीतप्रकारानुसार लावू नका, तंत्रानुसार लावा. चार रॉक गाणी ओळीने आली की आजी-आजोबा उठतात. तंत्र बदलत गेलं की ज्याला ते संगीत आवडत नाही तोही बघत राहतो.

सुरुवात 'एक अनेक और एकता'ने करा. फिल्म्स डिव्हिजन, १९७४, विजया मुळे यांची फिल्म, संगीत वसंत देसाईंचं, ॲनिमेशन भीमसेन यांचं. सत्तरीतल्यांना ते पाठ असेल, मुलांना नवीन. मग रोटोस्कोपसाठी आ-हाचं 'टेक ऑन मी', १९८५: आधी माणसांचं चित्रीकरण, मग त्यावर फ्रेमगणिक पेन्सिल. याची अधिकृत ४के प्रत २०१९ पासून आहे. त्याच वर्षीचं डायर स्ट्रेट्सचं 'मनी फॉर नथिंग' लगेच लावा, कारण ठोकळ्यांची संगणकीय माणसं आणि पेन्सिलीची रेघ शेजारी बघण्यासारखी आहेत. मग माती आणि पिक्सिलेशन, म्हणजे जिवंत माणसाचं स्टॉप-मोशन: पीटर गॅब्रिएलचं 'स्लेजहॅमर', १९८६. गायक स्वतःच फ्रेम-फ्रेमने हलवला आहे, आणि नाचणाऱ्या कोंबड्या 'वॉलेस अँड ग्रॉमिट'वाल्या निक पार्कच्या. मिशेल गाँद्रीने व्हाइट स्ट्राइप्ससाठी २००२ मध्ये लेगोच्या ठोकळ्यांत केलेला 'फेल इन लव्ह विथ अ गर्ल'चा व्हिडिओ मुलांसाठी इथेच. हिप-हॉपला गोरिलाझ, हा कार्टून पात्रांचा बँड, चित्रं जेमी ह्यूलेटची. शेवटी डाफ्ट पंकच्या 'इंटरस्टेला ५५५५'मधली एकदोन गाणी, २००३, तोएई ॲनिमेशन. पूर्ण चित्रपट नको, तो तासाच्या वर जातो.

पर्ल जॅमचं 'डू द इव्होल्यूशन' रेखाटनात जबरदस्त आहे, पण हिंसा फार. आठ वर्षांच्यांसमोर नकोच.

घोडबंदरकर

स्मूदिंग बंद केलं, केबल लावली, दोन्ही सुटलं. मुलांना चित्रं ठोक्यावर कशी बसवतात ते तिथेच दाखवता येईल का? आणि पडद्यावर बारीक रेषा दातेरी दिसतात, ते कशामुळे?

रेघोट्या

येईल की. यूट्यूब थांबवून कीबोर्डवर पूर्णविरामाची कळ दाबा, एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे. मुलांना मोजायला सांगा: चित्र दर दाबाला बदलतं की दोनदा दाबल्यावर? आवाज बंद करून ३० सेकंद दाखवा आणि ठोका कुठे असेल तिथे टाळी वाजवायला लावा, मग आवाजासकट पुन्हा.

दातेरी रेषा डिजिटल कीस्टोनमुळे. तिरका ठेवलेला प्रोजेक्टर चित्र ताणून चौकोनी करतो आणि त्यात बारीक रेघ तुटते. कीस्टोन शून्यावर आणा, प्रोजेक्टर पडद्याच्या मधोमध सरळ ठेवा. थ्रो रेशो (अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.२ असेल तर १०० इंची पडद्याला, म्हणजे २.२ मीटर रुंदीला, अंतर सुमारे २.६५ मीटर. जुनी गाणी ४:३ मध्ये असतील तर कडेचे काळे पट्टे राहू द्या, ताणू नका.

चित्रगुंता

सूर्यास्त सहाच्या सुमारास असेल, त्यामुळे पावणेसातला सुरू करा आणि रस्त्याकडच्या खिडक्यांना जाड पडदे लावा, नाहीतर ट्रकचे दिवे गडद दृश्यांचा विचका करतात. आदल्या दिवशी सगळी गाणी पूर्ण बघून घ्या आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट असलेलं काढून टाका. अपस्माराचा त्रास असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो, आणि अंधाऱ्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लखलखाट जास्तच जाणवतो. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या पडद्यापासून तीन मीटर मागे.