मदत हवी आहे: सीआर१००० डेटालॉगरचा सिक्युरिटी कोड कुणालाच माहीत नाही, वर दोन लॉगरचा पत्ता एकच

मंडळी, जरा अडकलोय. भोरच्या वर डोंगरात आमचं एक पाऊस-हवामान स्टेशन आहे, कॅम्पबेल कंपनीचा जुना सीआर१००० (सेन्सरची मापं नोंदवून ठेवणारा डेटालॉगर), सोबत रेडिओ. ज्या मुलाने हे सगळं बसवलं तो पीएचडी संपवून बाहेरदेशी गेला, नंबर बदललाय, मेलला उत्तर नाही. डेटा रोज येतो, त्याची तक्रार नाही, पण घड्याळ ११ मिनिटं मागे पडलंय आणि लॉगरनेटमधून (लॉगरशी बोलायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) सेट करायला गेलो की परवानगी नाही म्हणतं. नवीन प्रोग्रॅम पाठवला तर तेच.

त्यात गेल्या आठवड्यात खालच्या ओढ्याजवळ दुसरा सीआर१००० त्याच रेडिओवर जोडला आणि तेव्हापासून पाऊस वरचा की खालचा तेच कळेना, म्हणून तो सध्या बंद करून ठेवलाय. दोघांचा पाकबस पत्ता (नेटवर्कवर लॉगर ओळखायचा नंबर) १ आहे. सगळं फॉरमॅट मारू का? जूनपासूनचा डेटा आत आहे म्हणून हात धजत नाही.

प्रतिसाद १
फॉरमॅट अजिबात नको! आधी आहे तो सगळा डेटा ओढून दोन ठिकाणी ठेव, मग पुढचं.

तुझ्या वर्णनावरूनच निम्मं कळतंय. या लॉगरच्या सिक्युरिटीत तीन पातळ्यांचे तीन कोड असतात, १ ते ६५५३५ मधला कुठलाही आकडा, ० म्हणजे ती पातळी उघडी. पहिली पातळी प्रोग्रॅम आणि सेटिंगला कुलूप लावते, दुसरी घड्याळालाही, आणि तिसरी लावली की कोडशिवाय डेटासुद्धा मिळत नाही. तुला डेटा मिळतोय पण घड्याळ हलत नाही, म्हणजे पहिली दुसरी लावलेली आणि तिसरी मोकळी. पहिल्या पातळीचा कोड सापडला की सगळंच उघडतं, त्यामुळे शोधायचा तोच.

त्या मुलाचा जुना लॅपटॉप लॅबमध्ये पडलाय का बघ. लॉगरनेटच्या सेटअपमध्ये त्या लॉगरखाली सिक्युरिटी कोडचा रकाना असतो, बरेचदा तिथेच भरून ठेवलेला असतो. नाहीतर लॉगरच्या जुन्या प्रोग्रॅमच्या (सीआरबेसिक) फाइलमध्ये सेटसिक्युरिटी ही कोड बसवणारी ओळ शोध.

प्रतिसाद २
आणि काहीच नाही सापडलं तर लॉगरला जोडायचा कीबोर्ड डिस्प्ले कुणाकडून तरी उसना आण. डिलीट बटण दाबून धरून लॉगरला पॉवर द्यायची, प्रोग्रॅम चालू होत नाही आणि १२० सेकंदांची खिडकी मिळते, तेवढ्यात सेटिंग्ज एडिटरमध्ये शिरून कोड बदलायचे. डोंगरावर वारा असला की हे दोन मिनिटांचं काम फार लांबतं, एकटा जाऊ नको.

पत्त्याचं सोपं आहे. फॅक्टरीतून सगळे १ वरच येतात, चालतात १ ते ४०९४, पण वरचे ४००० च्या पुढचे आकडे कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरसाठी सोडतात, लॉगरनेट स्वतः ४०९४ घेतं. खालच्याला २ कर. पण रेडिओवरून नको रे, टेबलावर केबल लावून डिव्हाइस कॉन्फिग या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमधून कर, आणि लॉगरनेटमध्येही २ टाक, नाहीतर बदललास तर खरा पण तोच सापडत नाही. कुठला लॉगर कुठला ते स्टेटस टेबलमधल्या सिरियल नंबरवरून ठरव, तो बदलता येत नाही. स्टेशनचं नावही दोघांना वेगळं दे, ते फाइलच्या पहिल्या ओळीत छापून येतं.

धागाकर्ता
सापडला!! लॅपटॉप मेला होता पण हार्ड डिस्क चालू निघाली, जुन्या प्रोग्रॅममध्ये सेटसिक्युरिटीच्या ओळीत दोन आकडे आणि शेवटी ०, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. घड्याळ लागलं. आता ती ओळ प्रोग्रॅममधून काढून टाकली की कुलूप निघेल ना?

प्रतिसाद १
नाही निघणार, इथेच बरेच जण फसतात. ओळ काढली तरी आधी बसलेले कोड तसेच राहतात. कुलूप काढायचंच असेल तर तिथे तिन्ही ० लिहून प्रोग्रॅम चढवावा लागेल, आणि चढवण्याआधी परत एकदा डेटा उतरव. पण मी काढणार नाही, त्याच रेडिओवर अजून कोण कोण आहे कुणाला माहीत. पहिला कोड नवीन टाक आणि स्टेशनच्या वहीत लिहून कपाटात ठेव, डब्याच्या झाकणाला आतून चिकटवू नकोस, आमच्याकडे एकाने तेच केलं होतं.

धागाकर्ता
वहीत लिहिला. रविवारी वर जाऊन खालच्याचं २ करतो, कीबोर्ड डिस्प्ले आता नको. धन्यवाद दोघांनाही, चहा उधार.