स्पीकरमधली टकटक: तुमच्या घरी कोण निघालं?

गेले तीन आठवडे आमच्या हॉलमध्ये एक टकटक मुक्कामाला आहे. सांगली, विश्रामबाग, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पसारा फार नाही: जुना टर्नटेबल, छोटा फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवणारी डबी), स्टिरिओ अँप्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. रात्रीचा राग लावावा, तानपुरा छान भरून यावा आणि मध्येच कुणीतरी दाताखाली फुटाणा फोडल्यासारखं 'टक्'. कधी एकच, कधी तीन-चार लागोपाठ. मग दोन-तीन तास काही नाही. बायको म्हणते, पाल असेल. पाल स्टिरिओत चुकचुकत नाही, एवढं मी तिला पटवलंय.

आतापर्यंत फ्रिज बंद करून पाहिला, वायफाय बंद केलं, मोबाइल आतल्या खोलीत ठेवले. सुई रेकॉर्डवरून उचलली तरी टक येते, म्हणजे रेकॉर्ड निर्दोष. अँपचा सिलेक्टर फोनोवर, म्हणजे टर्नटेबलवर, असताना येते, ऑक्सवर (बाकीच्या यंत्रांची जोडणी) नेला की नाही. माझी धाव इथवरच.

म्हणून हा धागा. ज्यांच्याकडे असली पाहुणी येऊन गेली त्यांनी कोण निघालं आणि कसं सापडलं ते सविस्तर लिहा. 'नवीन सेट घ्या' हा सल्ला नको, तो दुकानदाराने आधीच दिलाय.

मिरजेहून

सुई उचलून पाहिलीत ते बरं केलंत, आम्ही ते सगळ्यात शेवटी केलं. आजोबांच्या लाखेच्या तबकड्या आहेत आमच्याकडे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिलेले, त्यामुळे त्यांची तबकडी म्हणजे घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल. तिच्यात टक यायला लागल्यावर मी आधी अँप उघडला, मग स्पीकरच्या वायरी बदलल्या. शेवटी वडील म्हणाले, ताल मोज की.

मोजला. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी एक फेरा पाऊण सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळात पुरा करते. एलपी ३३⅓ फेऱ्यांची, तिला १.८ सेकंद लागतात. टक बरोबर त्या अंतराने येत असेल तर चरा तबकडीवरच आहे, बाकी काही उघडू नका. आमची पाऊण सेकंदाला येत होती. बॅटरी तिरकी धरली तेव्हा केसाएवढा आडवा चरा दिसला, पाच-सहा खाचा ओलांडून गेलेला. सुई त्याच्यावरून गेली की टक. त्याला औषध नाही. आता ती टक आम्हाला सम असल्यासारखी वाटते.

पाटण तालुक्यातून

दादा, आमचं थोडं वेगळं, पण टकटकच. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलांना रेडिओचा नाद, रात्री सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर लागलेली असायची. एका पावसाळ्यात त्यात टिक, टिक, टिक सुरू झालं. सेकंदाला साधारण एक, घड्याळासारखं. होम थिएटरमध्येही बारीक यायचं. दिवसा मात्र शांत.

रात्रीच का, या एका प्रश्नावर मी आठवडा काढला. मग लक्षात आलं, डुकरं आणि गवे येतात म्हणून शेताच्या कुंपणाला झटका मशीन आहे आणि ते आम्ही अंधार पडल्यावर चालू करतो. मशीन बंद केलं, टिक गेली. पण मशीन तर आधीचे दोन उन्हाळेही होतंच की, तेव्हा रेडिओ साफ होता.

मग खिशातला छोटा रेडिओ घेतला, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावला आणि कुंपणाच्या कडेकडेने चाललो. ओढ्याकडच्या कोपऱ्यात टिक एकदम वाढली. बॅटरी विझवून उभा राहिलो. तारेला टेकलेल्या ओल्या गवताच्या पात्यावर दर सेकंदाला निळसर ठिणगी उडत होती, मोहरीएवढी. मशीन बंद करून विळ्याने गवत कापलं. पलीकडच्या खांबाचं इन्सुलेटरही चिरलेलं होतं, ते सकाळी बदलून टाकलं. संध्याकाळी वडिलांचा रेडिओ साफ.

ठिणगी म्हणजे एक प्रकारचं छोटं प्रक्षेपण केंद्रच, सगळ्या पट्ट्यांवर एकदम बोलणारं. ज्यांना घरात चोर शोधायचा आहे त्यांनी असा मीडियम वेव्हचा रेडिओ हातात घेऊन फिरून बघा. बोर्ड, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, कोण बोलतोय ते लगेच कळतं.

शाहूपुरी, सातारा

आमच्याकडे सासूबाईंचा बटणांचा फोन. अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवायच्या, वर क्रोशाचा रुमाल. फोन वाजायच्या आधी दोन सेकंद स्पीकरमधून 'टिकटिटिक टिकटिटिक', मग घंटी. टूजीचा फोन सलग बोलत नाही, आपली पाळी आली की तेवढ्यापुरता जोरात बोलतो, सेकंदाला सुमारे २१७ वेळा, आणि अँप त्याचं भाषांतर करतो. फोन चार हात लांब ठेवला, संपलं. सासूबाई नाराज, कारण त्यांना ती आगाऊ सूचना आवडायची.

कराडहून

माझं प्रकरण डिजिटल आहे, त्यामुळे फ्रिज-बिज सगळं बंद करूनही उपयोग नव्हता. बहीण गाते, तिचं रेकॉर्डिंग घरीच करतो. मायक्रोफोनचं एक यंत्र, त्यातून डिजिटल वायरीने दुसऱ्यात, तिथून लॅपटॉप. सगळं दिसायला सुरेख आणि दीर्घ स्वरात बारीक टक. खमाजचा निषाद धरलाय आणि मध्येच खडा.

आधी बफर (लॅपटॉप आवाज क्षणभर साठवतो तो साठा) १२८ वरून ५१२ केला. लॅपटॉपला दम लागत असेल तर टक अनियमित येते आणि बफर वाढवला की कमी होते. माझी तसूभर हलली नाही, अगदी ठरावीक अंतराने येत राहिली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही यंत्रं आपापल्या घड्याळावर चालली होती. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने दोघेही मोजतात, पण दोन घड्याळं तंतोतंत सारखी कधीच नसतात. दहा लाखांत वीसचा फरक असला तरी सेकंदाला जवळजवळ एक नमुना कमी-जास्त होतो, तो कुठंतरी गिळला जातो आणि कानाला टक लागते. दुसऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये घड्याळ 'इंटर्नल'च्या जागी 'एक्स्टर्नल' केलं, म्हणजे ते पहिल्याच्या घड्याळावर चालायला लागलं. एक क्लिक. चार रविवार गेले होते त्याच्यापायी, आणि बहिणीने ते अजून सोडलेलं नाही.

सातारा, गोडोली

स्टॅबिलायझर. संध्याकाळी साताला व्होल्टेज पडलं की आतला रिले (विजेवर चालणारा खटका) टक करून टप्पा बदलतो, तेवढाच झटका स्पीकरमध्ये. अँपची वायर दुसऱ्या बोर्डावर नेली. विषय बंद.

गावभाग, सांगली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. २००५ च्या पुराचा अंदाज धरून आम्ही अँप माळ्याच्या खालच्या फळीवर ठेवला होता. अंदाज चुकला. गाळ धुऊन, महिनाभर वाळवून तो चालू झाला तेव्हा आख्ख्या गल्लीला चहा पाजला.

वर्षभराने डाव्या बाजूला टकटक, खरखर आणि मधूनच आवाज गायब. गंमत म्हणजे आवाज मोठा केला की ठणठणीत, रात्री बारीक केला की मेला. एका दुरुस्तीवाल्याने थेट ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून सांगितलं. दुसऱ्याने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने आत हलकेच ठोकून पाहिलं (हे त्यांनाच करू द्या, अँपमध्ये वायर काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज राहते). एका चौकोनी डबीवर टोक लागलं की टक. तो स्पीकर वाचवणारा रिले. आतल्या संपर्कांवर पुराच्या ओलीने हिरवट-काळा थर धरलेला. मोठा प्रवाह तो थर फोडून जातो, बारीक प्रवाह अडतो. रिले बदलला, व्हॉल्यूमच्या खुंटीत क्लीनर मारला. रिलेच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मी त्या चहावर खर्च केले होते.

माधवनगरहून

सर, मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मला वेळा हव्यात. आमच्याकडे फ्रिजचा कॉम्प्रेसर निघाला होता आणि तो फक्त वेळा लिहूनच सापडला: उन्हाळ्यात वीस मिनिटांनी, थंडीत चाळीस. 'अधूनमधून' म्हणजे काही माहिती नव्हे. दोन-तीन दिवसांचं टाचण करून इथे टाका, मग बोलू.

धागाकर्ता

ताई, तुम्ही दटावलंत म्हणून केलं. सेट चालू ठेवून लॅपटॉपवर नुसतं रेकॉर्डिंग लावून ठेवलं. शांततेच्या सपाट रेघेत टक उभ्या काडीसारखी दिसते, शोधायला वेळ लागत नाही. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहिलंय, तसंच देतो.

शुक्रवार: सकाळी ५:४० (तीन), ६:५५ (दोन), ११:२० (चार), दुपारी ४:१० (तीन), रात्री ७:५० (दोन). शनिवार: तेच, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. रविवार: सकाळची पहिली साडेसहाला. ११:२० ची नाही. ७:५० ची नाही. पण रात्री ८:१५ ते ९ मध्ये नुसता सपाटा, एकूण अकरा.

माधवनगरहून

सर, रविवारी संकष्टी होती.

५:४० चा चहा, ११:२० चा स्वयंपाक, ४:१० चा चहा. उपासाच्या दिवशी दुपारचा स्वयंपाक नाही आणि चंद्रोदयाच्या आत मोदक, भाजी, वरण-भात सगळं एकदम. तुमच्या घरी उपास असतो का? नसेल तर भिंतीपलीकडे कोण राहतं?

धागाकर्ता

आमच्याकडे संकष्टी नाही. भिंतीपलीकडे काकूंचं स्वयंपाकघर आहे.

काल ४:०५ ला मी अँपजवळ उभा, बायको काकूंकडे. बरोबर ४:१२ ला टक, टक, टक. बायकोचा फोन: "पेटला." काकूंचा गॅसचा लायटर! खटका दाबला की आतला खडा दाबला जातो, काही हजार व्होल्टची ठिणगी उडते. पाटणच्या दादांच्या गवताच्या पात्यावर होती तीच, आकाराने लहान.

लायटर घरी आणून खात्री केली. फोनोच्या वायरीपासून हातभर अंतरावर मारला तर स्पीकर दचकले, खोलीच्या दुसऱ्या टोकाला मारला तर काहीच नाही. टर्नटेबलच्या सुईकडून जेमतेम पाच मिलिव्होल्ट येतात, प्रीअँप ते शंभरेक पट वाढवतो, म्हणून ऑक्सवर गप्प आणि फोनोवर बोलका.

आणि तीनच आठवडे का? रंगकामाच्या वेळी रॅक मीच काकूंच्या भिंतीला लावला होता. तेव्हा टर्नटेबलची काळी अर्थिंगची वायर प्रीअँपच्या स्क्रूला नुसती टेकलेली राहिली. स्क्रू बोटाने फिरत होता. आवळला, रॅक खिडकीकडे सरकवला. काल रात्री ७:५० ला श्वास रोखून बसलो. काही नाही.

काकूंना सगळं सांगितलं. त्या ओशाळल्या, म्हणाल्या लायटर नवा आणते.

पाटण तालुक्यातून

लायटर नको, बर्नर बघा म्हणावं. तीन-चारदा का मारावा लागतो?

धागाकर्ता

बघितला. भोकं उतू गेलेल्या दुधाने बुजली होती. टाचणीने मोकळी केली. आता पहिल्याच टकेत पेटतो.