मदत हवी आहे: एल्कसाठी कमी झटक्याची रायफल – ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर की .३०८?

नमस्कार मंडळी,

मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहते. ऑक्टोबरअखेरीस मीकरजवळच्या फ्लॅट टॉप्स भागात एल्क या मोठ्या हरणाच्या मादीच्या शिकारीचा परवाना मिळालाय आणि रायफल अजून घ्यायची आहे (शीर्षकातली नावं काडतुसांच्या प्रकारांची आहेत). इथे कोणी शिकार किंवा निदान नेमबाजी करणारे असाल तर सल्ला द्या. इंग्रजीत या विषयावर वाचायला ढीगभर आहे, पण त्यात सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो मॅग्नमशिवाय (म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसाशिवाय) एल्कच्या वाटेला जाऊ नका, दुसरा म्हणतो काहीही चालतं. माझ्या अंगाला झेपेल असं काय, हे कोणी सांगत नाही.

माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो. उजव्या खांद्याच्या रोटेटर कफचं ऑपरेशन झालेलं आहे. डॉक्टरांनी नेमबाजीला परवानगी दिली, पण जोरात लाथ मारणाऱ्या बंदुका टाळायच्या आणि एका बैठकीत फार गोळ्या झाडायच्या नाहीत, या अटीवर. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय. .२२ या छोट्या, नाममात्र झटक्याच्या रायफलवर हात चांगला बसलाय, काठ्यांचा टेकू घेऊन बसून मारायची सवयही लावून घेतली आहे.

ज्यांच्याबरोबर जाणार ते शेजारचे आजोबा इथलेच, सगळी हयात याच डोंगरांत शिकार करण्यात गेलेली. त्यांचं मत एकच: .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) घे आणि निश्चिंत हो. पॉनी ग्रासलँड या गवताळ माळावर त्यांची रायफल झाडून पाहिली. पहिली गोळी बरी गेली. त्यानंतर मात्र चाप ओढायच्या आधीच खांदा पुढे जाऊ लागला आणि डोळे मिटू लागले. आजोबांनी मला न सांगता चेंबरमध्ये रिकामं काडतूस घातलं. बंदूक वाजलीच नाही, फक्त ‘टक्’ झालं, आणि नळीचं टोक मात्र चांगलं वीतभर खाली गेलेलं मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. म्हणजे गोळी सुटायच्या आधीच नेम गेलेला. अशा नेमाने जिवंत जनावरावर बंदूक रोखायची माझी तयारी नाही. मादी म्हटली तरी सव्वादोनशे किलोच्या आसपासचं धूड, आपल्या सांबराच्याच कुळातलं. पोटात किंवा पायात गोळी लागली तर ते मैलभर दाट झाडीत जाऊन तडफडत राहणार, आणि वर्षभराचं मांसही वाया जाणार. मला एका गोळीत काम व्हायला हवंय.

झटक्याचा हिशोब मांडून पाहिला. गोळीचं वजन, तिचा वेग, दारूचं वजन आणि रायफलचं वजन एवढं धरलं की आकडा निघतो. दुर्बिणीसकट आठ पौंडांची रायफल धरून साधारण असं येतं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, फूट-पौंड हे झटक्याच्या ऊर्जेचं): .३०० विन मॅग १८० ग्रेनला ३० फूट-पौंड, .३०-०६ त्याच वजनाच्या गोळीला २२, .२७० विंचेस्टर १५० ग्रेनला १८, .३०८ विंचेस्टर १६५ ग्रेनला १७, ७ एमएम-०८ १४० ग्रेनला १४ आणि ६.५ क्रीडमूर १४३ ग्रेनला १३. यावरून एवढं कळलं की मॅग्नमच्या निम्म्याहून कमी झटक्यातही पर्याय आहेत. दुकानदार मात्र ‘तुम्ही लहानखुऱ्या, तुम्हाला हलकी हवी’ म्हणून साडेसहा पौंडांची .३०८ पुढे करत होता. तिचाच हिशोब केला तर झटका १७ वरून २१ वर जातो! हलकी बंदूक डोंगर चढताना सुखाची, पण खांद्याला महाग.

कायद्याचं म्हणाल तर कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीची इंचातली जाडी), ८५ ग्रेनची, आत गेल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. म्हणजे कायद्याने .२४३ सुद्धा चालते. पण चालते आणि पुरते यांत फरक आहे. नवख्या हातात .२४३ ला चुकीला जागा फार कमी, म्हणून ती मी बाद केली आहे.

आपल्याकडच्या वाचकांना जिम कॉर्बेट माहीत आहेतच. त्यांची आवडती .२७५ रिग्बी म्हणजे दुसऱ्या नावाने ७×५७ माऊजर, आणि आजची ७ एमएम-०८ ताकदीने जवळपास तिथेच बसते. वाघ आणि एल्क यांची तुलना होत नाही हे मान्य, एल्कची हाडं जाड आणि छाती खोल. पण स्वीडन-नॉर्वेत ६.५×५५ ने (गोळीची जाडी क्रीडमूरएवढीच) मूस मारत आलेत, आणि मूस तर एल्कहून मोठा. त्यामुळे मधल्या ताकदीच्या काडतुसांवर माझा विश्वास बसत चाललाय.

माझी मर्यादा मी २५० यार्ड ठरवली आहे. त्यापुढे असेल तर जनावर जाऊ द्यायचं. आता विचारायचं ते असं: या अंतरात ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर यांत एल्कवर खरोखर फरक पडतो का? गोळी कुठल्या प्रकारची घ्यावी? मझल ब्रेक (नळीच्या टोकाला लावायचं झटका कमी करणारं साधन) लावावा का? आणि ती दचकायची सवय कशी मोडायची? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावतोय.

(मी ग्रीन कार्डावर आहे, तेव्हा बंदूक घेण्यात कायद्याची आडकाठी नाही.)

---

रानवाट:

ताई, मी मोंटानात राहतो, बरीच वर्षं एल्कच्या मागे फिरतोय. कॅलिबरवर शेवटी येतो, आधी दस्ता. नेहमीच्या रायफलचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेतेरा-पावणेचौदा इंच असतो. तुमच्या उंचीला तो लांब पडणार. मग मान पुढे काढावी लागते, दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाकडे सरकतो आणि तेवढाच झटका दुप्पट लागल्यासारखा वाटतो. ऑपरेशन झालेल्या खांद्याला तर हे अजिबात नको. साडेबारा-तेरा इंचांचा कॉम्पॅक्ट दस्ता घ्या, मागे चांगलं मऊ रिकॉइल पॅड लावा. दुर्बीण डोळ्यापासून साडेतीन इंच तरी लांब राहील अशी बसवून घ्या, नाहीतर भुवई फुटते. आणि हे सगळं ऑक्टोबरातलं जाड जाकीट अंगात घालून मोजा. टी-शर्टवर बरोबर बसलेला दस्ता जाकिटावर अर्धा इंच लांब होतो.

दचकण्याबद्दल: माणूस धक्क्याइतकाच आवाजाला दचकतो. कानात बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. मग घरी रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज थोडा वेळ नुसता चाप ओढायचा सराव. नळी हलता कामा नये. रेंजवर मोठी रायफल थोडीच झाडा, बाकी सगळी भूक .२२ वर भागवा. शेवटची गोळी नेहमी .२२ चीच झाडा, म्हणजे हात चांगल्या आठवणीवर घरी येतो. आजोबांची रिकाम्या काडतुसाची युक्ती उत्तम आहे, ती सोडू नका. मॅगझिनमध्ये खरी आणि डमी काडतुसं त्यांनाच भरू द्या.

कॅलिबर? ७ एमएम-०८. क्रीडमूरपेक्षा गोळी किंचित जाड, झटका जवळपास तेवढाच. पण खरं सांगायचं तर २५० यार्डांच्या आत एल्कला या दोन्हींतला फरक कळणार नाही. जी हातात नीट बसेल ती घ्या.

---

दूरचा_पल्ला:

माझं मत थोडं वेगळं. .३०८ चा विचार सोडू नका, फक्त साडेसहा पौंडांची नको. ७ एमएम-०८ छान आहे, पण मीकरसारख्या गावात काडतुसांचा डबा हरवला तर दुकानात .३०८, .३०-०६ आणि ६.५ क्रीडमूर मिळेल, ७ एमएम-०८ मिळेलच असं नाही. .३०८ ला कमी झटक्याची हलकी काडतुसंही मिळतात, ती सरावाला वापरता येतात. एल्कवर मात्र ती अजिबात वापरू नका, त्यांतल्या गोळ्या हरणांसाठी असतात. आणि सरावाचं काडतूस बदललं की दुर्बीण पुन्हा लावून घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवा.

मी कॅलिबरपेक्षा गोळीवर जास्त पैसे घालवतो. मधल्या ताकदीचं काडतूस घेतलं की गोळी आत खोल गेलीच पाहिजे, हाडावर फुटून जाता कामा नये. नॉस्लर पार्टिशन ही जुनी आणि भरवशाची. जॉन नॉस्लरच्या गोळ्या मूसवर नीट आत गेल्या नाहीत, म्हणून त्याने ती तयार केली. किंवा बार्न्ससारखी पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याच्या गोळीचं वजन आत गेल्यावर फारसं घटत नाही, त्यामुळे थोडी हलकी गोळी चालते आणि झटकाही कमी होतो. मांसात शिसं राहत नाही हा आणखी फायदा, घरात लहान मुलं असतील तर मी तांबंच म्हणेन. तांब्याला फुलायला वेग लागतो, पण २५० यार्डांवर तुमच्या तिन्ही काडतुसांचा वेग २००० फुटांच्या वर राहतो, तेव्हा चिंता नाही.

मझल ब्रेक नको. झटका कमी करतो खरा, पण आवाज कानठळ्या बसवतो, आणि शिकारीत ऐन वेळी कानावर मफ ओढायला सवड मिळतेच असं नाही. शेजारी आजोबा बसलेले असतील, त्यांच्याही कानांचा विचार करा. त्यापेक्षा सायलेन्सर. कोलोरॅडोत शिकारीला चालतो, झटका आणि आवाज दोन्ही कमी करतो. फक्त त्याची केंद्राची कागदपत्रं आधी करावी लागतात, तेव्हा आत्ताच सुरुवात करा.

---

नवा_शिकाऊ:

विषयाला सोडून थोडं. मी एच-वन-बी वर आहे. मला हे करता येईल का?

---

रानवाट:

सर्वसाधारण नियम ‘नाही’ असाच आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना केंद्राचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. पण एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. परवाना आधी, बंदुकीला हात नंतर. यात चूक झाली तर इमिग्रेशनवर गंडांतर येतं, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय दुसऱ्याची बंदूकसुद्धा हातात घेऊ नका.

---

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. दस्त्याचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज आजोबांच्या रायफलचा दस्ता टेपने मोजला, पावणेचौदा इंच भरला. खांद्यावर खालच्या बाजूला दुखत होतं ते का, हे आता कळलं.

निर्णयाकडे आलेय: कॉम्पॅक्ट दस्त्याची ७ एमएम-०८, दुर्बिणीसकट पावणेआठ-आठ पौंड, १४० ग्रेनची पार्टिशन किंवा तांब्याची गोळी. काडतुसांचे दोन डबे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, म्हणजे मीकरच्या दुकानाची भीती नको. सायलेन्सरचे कागद या आठवड्यात करायला घेते.

आजोबांना हिशोबाचे आकडे दाखवले. ‘एल्क कागदावर मरत नाही’ म्हणाले. पण मग स्वतःच उठून डमी काडतुसं आणायला गेले.

एक राहिलं. एल्क पूर्ण आडवी उभी असेल तर पुढच्या पायामागे फुप्फुसात, हे पक्कं आहे. थोडी पाठमोरी तिरकी असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज धरून मारायचं, असं आजोबा सांगतात. ७ एमएम-०८ ने तसा तिरका नेम घ्यावा, की ती आडवी होईपर्यंत थांबावं?

---

रानवाट:

पाठमोरी तिरकी थोडीच असेल तर घ्या, पार्टिशन किंवा तांबं तेवढं आत जातं. तिरकेपणा जास्त असेल, किंवा तोंड तुमच्याकडे करून उभी असेल, तर थांबा. आणि पहिली गोळी लागल्यावर ती उभी राहिली तर बघत बसू नका. बोल्ट (पुढचं काडतूस भरायची खिट्टी) ओढा आणि दुसरी मारा. फुप्फुसात गोळी घेऊनही एल्क थोडा वेळ काही झालंच नाही अशी उभी राहते. सरावातही प्रत्येक गोळीनंतर दस्ता खांद्यावरून न काढता बोल्ट ओढायची सवय लावा.