अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा नवा झेंडा आवडला का तुम्हाला?

थंडीतला_पक्या:
बारा वर्षं झाली इथे राहून, पण जुन्या झेंड्यावर नक्की काय होतं ते मला धड सांगता आलं नसतं. निळ्या कापडावर राज्याची मोहोर, लांबून नुसतं निळं फडकं. ११ मे २०२४ला नवा आला: डावीकडे गडद निळा, साधारण राज्याच्या नकाशासारखा कापलेला, त्यात आठ टोकांचा पांढरा तारा, बाकी सगळा फिका निळा, म्हणजे पाणी. लेक दुसरीत आहे, काल तिने वहीच्या मागच्या पानावर न बघता काढला. मला तर आवडला बुवा.

नांगरधारी:
पोरांना काढता येतो म्हणून भारी? जुन्यात १९ तारे होते, मूळ १३ राज्यांनंतर आलेलं १९वं राज्य म्हणून, ते गेले आणि आलं काय तर इन्शुरन्स कंपनीचा लोगो. २,१००हून जास्त डिझाइनं आली, निवडलेल्यावर पांढरा-हिरवा-निळा असे पट्टे होते तेही झेंडा ठरवणाऱ्या समितीने उडवले. लोकांचं मतदान घेतलं का?

बिनसाखरेचा_चहा:
ती मोहोर जरा झूम करून बघा हो. गोरा शेतकरी नांगर धरून, बाजूला बुंध्याला टेकवलेली बंदूक, आणि मागे घोड्यावरून निघालेला मूळनिवासी. याच राज्यात, मँकेटो गावी, १८६२ला डकोटा या मूळनिवासी जमातीच्या ३८ माणसांना एकाच वेळी फासावर चढवलं, आणि राज्याचं नाव मात्र डकोटा भाषेतलंच. त्यांच्या पोरांनी रोज त्या चित्राला सलाम ठोकायचा का?

नांगरधारी:
बंदूक शिकारीचीही असते. आणि वाईट घडलं असेल तर शाळेत शिकवा ना, चित्र काढून टाकल्याने काय झालं?

थंडीतला_पक्या:
झेंडा म्हणजे काय पाठ्यपुस्तक आहे का? आपल्या भगव्यावर एक अक्षर तरी आहे? तरी कुठूनही ओळखू येतो.

नांगरधारी:
भगवा समितीच्या मीटिंगमध्ये नव्हता ठरला, पक्याभाऊ.

बिनसाखरेचा_चहा:
मिनेसोटाचा पहिला, १८९३चा झेंडा पण समितीनेच निवडला होता, स्पर्धा घेऊन 🙂

डुलुथची_काकू:
आमच्या ह्यांनी हट्टाने गॅरेजवर जुनाच लावून ठेवलाय. उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या, दोन दिवस बघत होत्या आणि तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारतात, "अगं, हे कुठल्या बँकेत कामाला लागलेत?"